राज्याने निम्मा पैसा दिला, तरी बीडला गाडी एकच का? सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की अहिल्यानगर–बीड लाईनसाठी राज्य सरकारने निम्मा खर्च उचलला, इतक्या वर्षांनी गाडी सुरू झाली, आणि आता लोकच म्हणतायत की डबे रिकामे जातात. मग हा तोटा कोण भरतो, आणि आष्टी-कडा-रायमोहा अशा भागात ही पॅसेंजर टिकवायची असेल तर प्रवासी संघटनेने नेमकं काय मागायचं. मी रेल्वेच्या ऑपरेटिंग खात्यात कंट्रोल आणि वेळापत्रकाच्या कामात नोकरी केली, आता रिटायर आहे. उत्तर लांबेल, पण हा विषय दोन ओळीत सांगितला तर चुकीचा समज होतो म्हणून लांबच लिहितो.

आधी पैशाचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. अहमदनगर–बीड–परळी वैजनाथ ही २६१ किलोमीटरची लाईन १९९५ मध्ये मंजूर झाली आणि पुढे राज्याने ५० टक्के वाटा द्यायचा असं ठरलं. नगर ते न्यू आष्टी हा ६६ किलोमीटरचा पहिला तुकडा २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाला, आष्टी ते अमळनेर (बीड जिल्ह्यातलं, जळगावचं नव्हे) २८ फेब्रुवारी २०२४ ला, आणि बीडपर्यंत गाडी गेली १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला. वडसा–गडचिरोलीत पण राज्याचा निम्मा वाटा आहे, वर्धा–यवतमाळ–नांदेडमध्ये पण राज्य पैसे घालतंय. पण हे सगळे पैसे कशाचे आहेत तर जमीन, माती, पूल, रूळ, स्टेशनची इमारत यांचे. लाईन बांधून झाली की राज्याचा संबंध तिथे संपतो. त्यानंतर गाडी किती वाजता सुटणार, दिवसात किती फेऱ्या होणार, रविवारी धावणार की नाही, कुठे थांबणार हे सगळं रेल्वे ठरवते, कारण घटनेच्या यादीत रेल्वे हा केंद्राचा विषय आहे. रोजचा तोटाही रेल्वेच्याच माथी. म्हणजे राज्याने पैसे दिले ते रुळांचे, आणि लोकांना जी वस्तू रोज लागते ती म्हणजे गाडी, तिच्याबद्दल राज्याने कुणाशी काही ठरवलेलंच नाही. माझ्या मते सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे, आणि तुमच्या संघटनेने बोट ठेवायचं तर इथेच ठेवायला पाहिजे.

कोकण रेल्वेचं उदाहरण यासाठी मुद्दाम बघा. १९९० मध्ये महामंडळ झालं तेव्हा केंद्राचा हिस्सा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. तिथे राज्य भागीदार म्हणून आत होतं, संचालक मंडळात त्याचा माणूस बसायचा. आता तरीसुद्धा लोकल पॅसेंजरसाठी कोकणातल्या लोकांना भांडावं लागलंच, हे मान्य आहे, पण निदान बोलायला खुर्ची होती. बीडच्या लाईनमध्ये राज्याने चेक दिला आणि खुर्ची मागितलीच नाही.

आता तोटा. रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलेला हिशोब असा की प्रवासी सेवेला सरासरी १०० रुपये खर्च येतो तेव्हा प्रवाशाकडून ५४ रुपये घेतले जातात, बाकीचे ४६ रेल्वे सोसते. ही देशभराची सरासरी आहे, त्यात लांब पल्ल्याच्या एसी गाड्या पण आल्या. ग्रामीण भागातली साधी पॅसेंजर किंवा डेमू (वेगळं इंजिन नसलेली डिझेलची पॅसेंजर) या सरासरीपेक्षा बरीच खाली असणार हे उघड आहे, साध्या पॅसेंजरचं किमान भाडं १० रुपये आहे आणि त्यात पन्नासेक किलोमीटर जाता येतं, यातून डिझेलचे पैसे तरी निघतील का याचा विचार करा. जगात कुठेही छोट्या भागातली पॅसेंजर तिकिटावर चालत नाही, जर्मनीत नाही, इंग्लंडमध्ये नाही, अमेरिकेत नाही. त्यामुळे "तोट्यात आहे" हा आरोप ऐकून खचून जाऊ नका. तोटा आहेच, तो असणारच. बघायचं हे की त्या तोट्याच्या बदल्यात लोकांना उपयोगी पडेल अशी सेवा मिळते का.

आणि इथे एक गोष्ट आहे जी रेल्वेतल्या लोकांना पाठ असते पण बाहेर कुणी सांगत नाही. गाडीचा खर्च दोन प्रकारचा. एक जो गाडी धावो न धावो होणारच, म्हणजे रूळ, पूल, सिग्नल यांची देखभाल, गँगवाले, स्टेशन मास्तर, सांधे बदलणारा पॉइंट्समन, रेकची म्हणजे गाडीच्या जोडलेल्या डब्यांच्या संचाची किंमत. दुसरा जो गाडी धावली तरच होतो, म्हणजे डिझेल, क्रूचे तास आणि भत्ता, रेकची झीज. नव्या लाईनवर दिवसात एकच फेरी असली की तो सगळा पहिला खर्च त्या एका फेरीच्या डोक्यावर पडतो, आणि कागदावर ती गाडी भयंकर महाग दिसते. दुसरी फेरी सुरू केली तर तिला फक्त डिझेल आणि क्रूचाच काय तो खर्च. बरेचदा रेक तसाही तासनतास उभाच असतो. म्हणून एकच फेरी ठेवणं हा सगळ्यात महागडा प्रकार आहे, पैसे जवळपास पूर्ण जातात आणि उपयोग कुणालाच होत नाही. कुणी म्हणालं की "आधी एका फेरीला गर्दी होऊ द्या मग दुसरी बघू", तर त्याला हा हिशोब दाखवा, कारण एका फेरीला गर्दी होणारच नाही, तिची वेळच तशी आहे.

वेळेचं सांगतो. बीडपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा जे वेळापत्रक लागलं त्यात गाडी सकाळी नगरहून निघायची, दुपारी बीडला पोचायची, थोड्या वेळात तिथून परत निघून संध्याकाळी नगरला. रविवारी बंद. आता बीडच्या माणसाच्या बाजूने विचार करा. नगरला दवाखान्यात दाखवायचंय, कॉलेज आहे, कोर्टात तारीख आहे, तर ही गाडी त्याला नगरला संध्याकाळी नेऊन सोडते, जेव्हा ओपीडी बंद, कोर्ट बंद, आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. जाऊन येऊन काम करायचं असेल तर ही गाडी बीडकरासाठी नाहीच. नगरच्या माणसाला बीडमध्ये मिळतो दुपारी थोडासा वेळ. म्हणजे रोज प्रवास करणारा एकही गट तिच्यात बसत नाही, उरतात ते पाहुणेरावळे, सामान घेऊन जाणारे, आणि गंमत म्हणून एकदा बसून बघणारे. त्यांच्यावर डबे कसे भरतील. त्यात नव्या लाईनवर सुरुवातीला वेग कमी ठेवतात, भराव बसायला वेळ लागतो, मुरूम-माती पावसाळ्यात खचते, त्यामुळे ठिकठिकाणी वेगमर्यादा असते आणि पाच तासांच्या वर लागतात. रस्त्याने अंतरही कमी आहे. एसटी त्या मानाने लवकर नेते आणि दिवसभर मिळते.

मग उलट का नाही करत, सकाळी बीडहून नगरला आणि संध्याकाळी परत? हे सगळे विचारतात आणि उत्तर मिळतं की "तांत्रिक अडचण". ती तांत्रिक अडचण काय असते ते सविस्तर सांगतो, कारण ती माहीत असली तरच तुम्हाला नीट भांडता येईल.

गाडी सकाळी बीडहून सोडायची तर रात्री रेक बीडला मुक्कामाला पाहिजे. त्यासाठी प्लॅटफॉर्मची लाईन अडणार नाही अशी एक वेगळी स्टेबलिंग लाईन, म्हणजे गाडी उभी करून ठेवायचा रूळ, मोकळी पाहिजे, रात्रभर रेक उभा राहणार म्हणून लाईट आणि आरपीएफचा माणूस पाहिजे, नाहीतर सकाळी सीटचं रेक्झिन फाटलेलं आणि पितळी नळ गायब. डब्यांत पाणी भरायची सोय पाहिजे. डेमूला डिझेल कुठे भरायचं, टाकीत दोन फेऱ्यांचं पुरतं का, हे बघावं लागतं. सगळ्यात मोठी अडचण क्रूची. लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर, ज्याला आपण अजून गार्डच म्हणतो, यांचं हेडक्वार्टर दुसरीकडे असतं, ते बीडला रात्री थांबणार म्हणजे तिथे रनिंग रूम लागते. खाट, गादी, पंखा, अंघोळीला गरम पाणी, रात्री दोन वाजता आला तरी जेवण करून देणारा खानसामा, आणि सकाळी उठवायला कॉल बॉय. ठराविक तासांची विश्रांती झाल्याशिवाय त्यांना परत गाडीवर घेता येत नाही, तो सुरक्षेचा नियम आहे आणि तो असायलाच पाहिजे. मग साइन ऑन करायला, म्हणजे ड्युटीवर हजेरी लावायला, लॉबी नावाचं ऑफिस, दारू चाचणीचं मशीन, ते बघणारा माणूस. शिवाय रेकला ठराविक दिवसांनी मेंटेनन्सला शेडमध्ये जावं लागतं, म्हणून लिंकमध्ये, म्हणजे रेकच्या फेऱ्यांच्या आखणीत, एक दिवस मोकळा ठेवतात, रविवारची सुट्टी बरेचदा अशा कारणानेच येते, जास्तीचा रेक असला तर ती सुट्टी लागत नाही.

एवढं वाचून वाटेल की हे अवघडच आहे. पण नीट बघा, यातली एकही गोष्ट शेकडो कोटींची नाही. एक लाईन, एक छोटी इमारत, पाण्याची पाइपलाइन, काही माणसं. लाईन बांधायला जे हजारो कोटी लागले त्यापुढे ही रक्कम म्हणजे लग्नाच्या खर्चात अक्षतांचा खर्च. आणि तरी नेमकी हीच कामं मागे राहतात, कारण उद्घाटनाच्या आराखड्यात ती ठळक नसतात. राज्याला खरोखर काही द्यायचं असेल तर इथे द्यावं आणि लेखी लिहून घ्यावं की रनिंग रूम आणि स्टेबलिंगचा खर्च आम्ही देतो, बदल्यात पहिली गाडी बीडहून पहाटे सुटून सकाळी ऑफिसच्या वेळेआधी नगरला पोचली पाहिजे.

बाहेरच्या देशात हे कसं करतात ते थोडं सांगतो, म्हणजे मी हवेत बोलत नाही हे कळेल. इंग्लंडमध्ये तोट्याच्या लाईनी बंद करा असं सांगणाऱ्या १९६३ च्या बीचिंग रिपोर्टनंतर हजारो मैल लाईनी बंद झाल्या, त्यात ग्रामीण बऱ्याच, मग १९६८ च्या ट्रान्सपोर्ट ॲक्टमध्ये सरकारने मान्य केलं की काही सेवा तोट्याच्या असल्या तरी समाजाला लागतात, आणि त्या सेवेसाठी ठरवून अनुदान द्यायला सुरुवात केली. नुसतं "रेल्वेला तोटा झाला, भरा" असं न करता अमुक सेवेसाठी अमुक रक्कम असं झालं, हा मोठा बदल होता. जर्मनीने १ जानेवारी १९९६ पासून लोकल पॅसेंजरची जबाबदारी राज्यांकडे दिली, केंद्राने त्यासाठी पैसा राज्यांना दिला, आणि राज्यं त्यातून गाडी-किलोमीटर विकत घेतात, म्हणजे करारात लिहिलेलं असतं की या लाईनवर दर तासाला गाडी, पहिली इतक्या वाजता, शेवटची इतक्या वाजता, उशीर झाला तर पैसे कापणार. श्योनबुखबान म्हणून स्टुटगार्टजवळ एक १७ किलोमीटरची छोटी लाईन आहे, तिची पॅसेंजर साठच्या दशकात बंद पडली होती. १९९६ च्या डिसेंबरमध्ये परत सुरू केली ती थेट अर्ध्या-अर्ध्या तासाने गाडी ठेवून, आणि प्रवासी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाले. रूळ तोच, गावं तीच.

अमेरिकेत २००८ च्या कायद्याने ॲमट्रॅक या तिथल्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीच्या ७५० मैलांपेक्षा कमी अंतराच्या गाड्यांचा तोटा संबंधित राज्यांनी एका ठरलेल्या सूत्राने द्यायचा असं झालं, अंमल ऑक्टोबर २०१३ पासून. व्हरमाँट हे साडेसहा लाखांच्या आतबाहेर वस्तीचं राज्य, म्हणजे २०११ च्या जनगणनेत २५ लाखांच्या वर असलेल्या आपल्या बीड जिल्ह्याच्या जेमतेम पाव, पण ते दोन गाड्यांसाठी पैसे मोजतं, आणि त्यातली ईथन ॲलन एक्सप्रेस त्यांनी २९ जुलै २०२२ ला बर्लिंग्टनपर्यंत वाढवून घेतली. तिथे दिवसात एकच फेरी असूनही चालतं, कारण ती गाडी थेट न्यूयॉर्कला जाते, लोक काही दिवसांसाठी जातात-येतात. म्हणजे एक फेरी असेल तर ती लांबच्या मोठ्या शहराला थेट जोडणारी पाहिजे, आणि जवळच्या शहरापर्यंतच असेल तर फेऱ्या जास्त पाहिजेत. आपल्याकडे झालंय असं की जवळच्या शहरापर्यंत आणि तीही एकच फेरी, दोन्हीतलं नको ते.

म्हणून दुसरी मागणी पुण्याची. बीड जिल्ह्यातला माणूस शिकायला, नोकरीला, मोठ्या दवाखान्याला पुण्यालाच जातो, रात्रीच्या ट्रॅव्हल्स बघा कशा भरून जातात, सणाला भाडं किती चढतं ते तुम्हाला मी सांगायला नको. बीडहून रात्री निघून पहाटे पुण्याला पोचणारी आणि तिकडून तशीच रात्री येणारी एक गाडी या लाईनला जितके प्रवासी देईल तितके दुसरं काहीच देणार नाही. दौंडला कॉर्ड लाईन (स्टेशनला वळसा देऊन थेट जोडणारा रूळ) झाल्यापासून नगरकडून पुण्याकडे जाताना इंजिन फिरवावं लागत नाही, त्यामुळे तीही अडचण राहिली नाही. खरी अडचण पुणे स्टेशनला प्लॅटफॉर्म मिळायची आहे, त्यामुळे मागणी करताना हडपसरचा पर्याय स्वतःहूनच द्या, "पुणे स्टेशनच पाहिजे" असा हट्ट धरलात तर फाइल तिथेच अडकेल.

एसटीचं. हे फार महत्त्वाचं आहे आणि यात रेल्वेची काही परवानगी लागत नाही. नव्या लाईनवर स्टेशनं गावापासून लांब असतात, कारण आखणी करताना वस्ती, बागायती जमीन आणि चढ टाळावे लागतात. मग गाडीतून उतरलेल्या बाईने डोक्यावर पिशवी आणि कडेवर पोर घेऊन उन्हात फाट्यापर्यंत चालत यायचं का? ती पुढच्या वेळी गाडीने येतच नाही. एसटी राज्याची आहे. गाडीच्या वेळेला स्टेशनवर एक बस उभी करणं हे डेपो मॅनेजरच्या पातळीवर होण्यासारखं काम आहे. आणि राज्याला सेवेसाठी पैसे मोजायची सवय नाही असंही नाही. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे, त्या सवलतीचे पैसे राज्य महामंडळाला देतंच. हीच पद्धत रेल्वेच्या जास्तीच्या एका फेरीसाठी का नको? तीन वर्षांचा करार करा, जास्तीच्या फेरीचा जो वरचा खर्च येईल त्यातला तुटीचा भाग राज्य देईल, वेळ आम्ही सांगू ती, प्रवासी मोजून दरवर्षी हिशोब. रेल्वेला नाही म्हणायला कारण उरणार नाही.

भाड्याबद्दल एवढंच सांगतो की तो आता मुद्दा नाही. कोविडनंतर पॅसेंजरना एक्सप्रेसचं भाडं लावलं होतं, किमान ३० रुपये, ते फेब्रुवारी २०२४ मध्ये परत १० वर आलं. आष्टीची गाडी नेमकी त्या महाग भाड्याच्या काळात सुरू झाली आणि तेव्हाच "प्रतिसाद नाही" असा शिक्का बसला. नंतर १६ ऑक्टोबर २०२३ ला त्या डेमूला आग लागली, सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण डबे जळाले. म्हणून त्या काळातले प्रवाशांचे आकडे कुणी तुमच्यासमोर ठेवले तर ते कुठल्या परिस्थितीतले आहेत हे शांतपणे विचारा.

आकडे तुमचेही पाहिजेत. नुसतं निवेदन आणि सह्या दिल्या तर पोच मिळते, बाकी काही होत नाही, कंट्रोलमध्ये असताना अशी निवेदनं मी ढिगाने बघितलीयत. जे निवेदन आकडे घेऊन यायचं ते वरपर्यंत जायचं, कारण वरच्या साहेबाला पण नोटमध्ये काहीतरी लिहावं लागतं. म्हणून दोन आठवडे पोरं बसवा. आष्टी, कडा, बीड स्टँडवरून सकाळी नगरकडे जाणाऱ्या एसटी आणि जीपमध्ये किती माणसं बसतात ते तासातासाने लिहा. नगरच्या कॉलेजांमधून या पट्ट्यातली किती मुलं आहेत, त्यातली रोज येणारी किती आणि खोली करून राहणारी किती, हे विचारून घ्या. बाजाराचा दिवस वेगळा धरा. ऊसतोडीला जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांचा हंगाम पण वेगळा धरा, दिवाळीच्या आसपास जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परत येतात, मुकादमाच्या ट्रकमधून बिऱ्हाड-बैलांसकट होणारा तो प्रवास पॅसेंजरवर येणार नाही, त्याला आकड्यात घुसवून मागणी फुगवू नका, एक आकडा खोटा निघाला की बाकीचेही कुणी मानत नाही. आणि स्वतःच्या गाडीचे प्रवासी सुद्धा प्रत्येक स्टेशनवर चढ-उतार असे मोजा, कारण छोट्या स्टेशनवर तिकीट खिडकीची सोय नीट नसेल तर माणूस पुढच्या स्टेशनचं नाव सांगून मोकळा होतो किंवा तिकीटच काढत नाही, आणि तुमचं स्टेशन कागदावर शून्य दिसतं. तिकीट काढायलाच लावा लोकांना, मोबाइल ॲपवरून दहा रुपयाचं तिकीट निघतं. थांबा टिकवायचा असेल तर त्यापेक्षा मोठा पुरावा नाही.

हे सगळं घेऊन डीआरयूसीसीच्या, म्हणजे रेल्वे विभागाच्या प्रवासी सल्लागार समितीच्या, बैठकीत जा, खासदारांना द्या, आणि तेवढंच राज्याच्या परिवहन खात्याला द्या, कारण पैसे देणारा तो आहे आणि त्याला आजपर्यंत कुणी विचारलेलंच नाही की तुम्ही दिलेल्या पैशात गाड्या किती आल्या.

हे सगळं करायला आत्ताचा काळ चांगला आहे. लाईन बीडला थांबलेली असते तोवर तिच्यावर तुमचीच गाडी. परळीला जोडली गेली की ती विकाराबाद–परळी–परभणी लाईनला मिळते, मग कोळशाचे रेक येणार, दक्षिणेकडच्या लांबच्या एक्सप्रेस वळवल्या जाणार, आणि सिंगल लाईनवर समोरून गाडी आली की क्रॉसिंगला बाजूला कोण उभं राहतं तर पॅसेंजर. एकदा लांबच्या गाड्यांचे पाथ, म्हणजे रुळावरच्या ठरलेल्या वेळा, वेळापत्रकात बसले की त्यांना पाच मिनिटं पुढेमागे करायला तीन-चार झोनची संमती लागते. त्याआधी तुमच्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ पक्की झालेली असेल तर नंतरच्या गाड्या तिच्याभोवती बसवाव्या लागतात, कंट्रोलमध्ये तसंच चालतं. त्यामुळे परळीपर्यंत काम पूर्ण व्हायची वाट बघत बसू नका, पहाटेची बीड–नगर गाडी आणि बीडचा रेक मुक्काम हे दोन विषय येत्या बैठकीतच लेखी मांडा.